सहावीच्या वर्गातला फ्रीज

मी फ्रीज बोलतोय. माझ्यात बर्फ नाही, सरबत नाही, गार पाणीसुद्धा नाही, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर उन्हातून आलेली माणसं मोठ्या आशेने माझं दार उघडतात आणि तोंड पाडून परत जातात. प्रशांत महासागरातल्या टोंगा देशात, हापाई बेटांवर, एका गावची प्राथमिक शाळा आहे. तिथे सहावीच्या वर्गात, मागच्या भिंतीशी मी उभा असतो. पाठ गंजली आहे. डावा पाय केव्हाच गेला, त्याच्या जागी प्रवाळाचा दगड लावला आहे. बाकी तब्येत उत्तम.

माझा जन्म दूर, एका थंड देशातल्या कारखान्यात झाला. आईबापांची आठवण नाही. आम्ही शेकडो भावंडं एका पट्ट्यावर ओळीने उभी होतो आणि सगळ्यांची तोंडं सारखी होती. मग खोका, मग जहाज, मग त्याहून लहान जहाज, आणि शेवटी चार माणसांच्या खांद्यांवरून, गुडघाभर पाण्यातून मी या बेटावर उतरलो. खोका फोडल्याबरोबर एक डुक्कर येऊन मला हुंगून गेलं. माझं स्वागत ते एवढंच.

मला मागवलं होतं मेलेनाइतेने. गावातलं एकुलतं एक दुकान तिचं. अंगाने भारदस्त, आवाजाने त्याहून भारदस्त. सगळं गाव तिला आत्या म्हणायचं. आमच्याकडे बापाच्या बहिणीचा शब्द कुणी खाली पडू देत नाही, आणि ही तर शाळेच्या हेडमास्तरांची सख्खी आत्या होती.

दुकानात माझे दिवस छान गेले. माणसांचा स्वभाव मी तिथेच शिकलो. काही घ्यायचं नसलं तरी माणूस फ्रीजचं दार उघडतो, आत टक लावून बघतो, सुस्कारा टाकतो आणि दार लावतो. थोड्या वेळाने परत येतो, जणू मधल्या काळात आत काही उगवलं असेल. आत्या गल्ल्यावरून ओरडायची, "फ्रीज आहे तो, खिडकी नाही. घ्यायचं तर घे, नाहीतर वारा घ्यायला किनाऱ्यावर जा."

पण खारा वारा कुणाला सोडत नाही. आधी पाय गेला, मग आतली नळी फुटली, आणि एका दुपारी माझी घरघर थांबली ती थांबलीच. आत्याच्या मुलाने ऑकलंडहून नवा फ्रीज पाठवला. मला दुकानामागे नेऊन ठेवलं. तिथे डुकरं माझ्या अंगाला पाठ घासायची. ज्याच्या दाराशी एके काळी रांग लागायची, त्याच्या नशिबी ही रांग आली.

अशात एके दिवशी लोसालीन आली. ती याच गावची मुलगी, शिक्षिकेचं शिक्षण घेऊन नुकतीच परतलेली, आणि सहावीचा वर्ग तिला मिळाला होता. ती माझ्याभोवती फिरली, पाठीवर टकटक केलं, दाराच्या रबरावरून बोट फिरवलं.

"आत्या, हा मला द्याल का? वर्गासाठी."

"मेलाय तो."

"माहीत आहे."

"मग घेऊन जा. पण परत आणू नकोस."

पोरांनी मला हातगाडीवर घातलं आणि मिरवणुकीने शाळेत नेलं. फाटकात हेडमास्तर पेनिसोनी उभे होते. इस्त्रीचा सदरा, आमच्याकडच्या मानाच्या पोशाखाप्रमाणे कमरेला नीट बांधलेली चटई, हातात छडी नव्हती पण असावी असं वाटायचं. मोठ्या शाळेच्या प्रवेश परीक्षेत त्यांच्या शाळेचा निकाल सगळ्या बेटांत वरचा असायचा, आणि तो वर ठेवण्यातच त्यांचं आयुष्य चाललं होतं.

"ही शाळा आहे की भंगारखाना?"

"तुमच्या आत्यांनी दिलाय, सर," लोसालीनबाई म्हणाल्या.

हेडमास्तरांनी सदऱ्याची कॉलर सारखी केली. मग म्हणाले, "मागच्या भिंतीशी ठेवा. दारातून दिसता कामा नये."

बाईंनी पहिलं काम केलं ते माझ्या दाराची कडी काढायचं, म्हणजे कुणी पोर आत अडकायला नको. मग वर्गाला विचारलं, "हा काय आहे?"

"मेलेला फ्रीज."

"आणि तो काय काय होऊ शकतो?"

पोरांनी आधी पुस्तकं चाळली. आजवर त्यांना जे प्रश्न विचारले जात, त्यांची उत्तरं पुस्तकाच्या शेवटी छापलेली असत. मग माका नावाचा एक वात्रट पोरगा म्हणाला, "डुकराची शवपेटी." हशा पिकला आणि बांध फुटला. बोट. प्रार्थनेची पेटी. माकासाठी तुरुंग. बाईंनी एकालाही "चूक" म्हटलं नाही. त्या फक्त म्हणायच्या, "बरं. मग बोट पाण्यात तरंगेल कशी, तेवढं मला पटवून दे." आणि पोरं वजनं करत, मापं घेत बसायची.

एकदा बाईंनी आत्याच्या दुकानातून बर्फाचे तुकडे आणले. एक उन्हात ठेवला, एक चटईत गुंडाळला, एक माझ्यात. मी तर मेलेलो. तरी माझ्या पोटातला बर्फ सगळ्यांत शेवटी वितळला. माका म्हणाला, "म्हणजे हा अजून थोडा जिवंत आहे." वर्गात वाद पेटला. फ्रीज थंडी बनवतो, की असलेली थंडी फक्त धरून ठेवतो?

शेवटच्या बाकावर लेसिएली बसायची. आजोबांबरोबर राहणारी, बारीक अंगाची मुलगी. वर्गात तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. पाढे चुकायची, पेपर कोरे सोडायची. वादातही ती बोलली नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तिने केळीच्या पानात गुंडाळलेला, भट्टीतून काढलेला गरम नीरफणस गुपचूप माझ्यात ठेवला. मधल्या सुट्टीत पान उघडलं तेव्हा त्यातून वाफ आली.

"बाई," ती म्हणाली, इतकं हळू की मला दोनदा ऐकावंसं वाटलं, "हा थंडी धरत नाही. आत असेल ते धरतो. ऊबसुद्धा."

बाईंनी तिला फळ्याशी बोलावून तेच पुन्हा सगळ्यांना सांगायला लावलं. मी आयुष्यभर स्वतःला थंडीचा राजा समजत होतो. माझं खरं काम त्या पोरीने मला सांगितलं.

पण हेडमास्तरांना नीरफणसात रस नव्हता. एका संध्याकाळी मुलं गेल्यावर ते वर्गात आले.

"बाई, परीक्षा तोंडावर आली आहे. तुमची मुलं बर्फ मोजतायत."

"मोजतायत ना, सर. आधी मोजत नव्हती."

"आणि ती लेसिएली. तिचं नाव मी यंदा पाठवणार नाही. कोरे पेपर देणारी मुलगी बसवून निकाल खाली का आणायचा? तिच्या आजोबांशी बोलतो. पोरगी चटया छान विणते, मावशीकडे जाऊन तेच करेल."

"सराव परीक्षेपर्यंत थांबा."

"थांबतो. पण माझा पेपर, माझ्या देखरेखीत."

बाई त्या संध्याकाळी लेसिएलीचे कोरे पेपर पुन्हा काढून बघत बसल्या. मला बोलता आलं असतं तर बोललो असतो.

त्याच आठवड्यात पाळकसाहेबांना जेवू घालायची पाळी लेसिएलीच्या आजोबांवर आली. गावच्या चर्चचे पाळक म्हणजे मोठा मान. आजोबांनी अंगणात हाताला लागेल ती कोंबडी धरली आणि कापली. ती खुडूक होती, झुडपात अंड्यांवर बसलेली, घोटभर पाण्यासाठी बाहेर आली होती, हे एकट्या लेसिएलीला ठाऊक. ती शाळेत आली ती झग्याचा ओचा दोन्ही हातांनी धरून. ओच्यात नऊ अंडी होती.

"बाई, यांची आई पाळकसाहेबांनी खाल्ली," ती म्हणाली. "पण फ्रीज आहे ना."

त्या दिवशी वर्गात पुस्तक उघडलं गेलं नाही. माका छताच्या दिव्याची वायर ओढून माझ्या पोटात एक बल्ब लावून गेला. अर्थात बाईंनी आधी त्याला चपला घालायला लावून, मेन स्विच बंद करून. दवाखान्यातल्या परिचारिकेने लशींच्या फ्रीजमधला जादा थर्मामीटर दिला, वर बजावलं, "फोडलात तर सगळ्यांना टोचेन." हवा कोरडी पडू नये म्हणून वाटीत पाणी ठेवलं. आणि मग बल्ब लागला.

माझ्या आयुष्यात पहिल्यांदा पोटात स्वतःची ऊब आली. खरं सांगतो, मी घाबरलो. आमच्या जातीत ऊब म्हणजे दुखणं.

आधी फार तापलो, मग फार उतरलो. कोंबडीच्या पोटाखाली साडेसदतीस अंश लागतात, आणि मला काही ते जमेना. लेसिएली दाराशी बसून राहिली. दाराच्या फटीत नारळाची शेंडी कधी जाड, कधी बारीक खोचून बघत होती. दर पंधरा मिनिटांनी आकडा भिंतीवर लिहायची. भिंतीवर चढउतारांची एक लांब रेघ तयार झाली. जिला अपूर्णांक येत नाहीत म्हणून सगळे हळहळत होते, ती आता "पाव अंश जास्त झालाय" म्हणून माकाला दटावत होती. सुरुवातीला तिने रिकामा असताना बल्ब बंद करूनही पाहिलं होतं, मी किती वेगाने निवतो ते.

काही दिवसांनी कागदाच्या नळीतून विजेरीच्या उजेडात अंडी बघितली. दोन रिकामी निघाली. सातांत लाल तंतू होते, कोळ्याच्या जाळ्यासारखे, आणि मध्ये एक ठिपका हलत होता. वर्ग इतका शांत झाला की हेडमास्तर काय झालं ते बघायला आले. त्यांनी नळीला डोळा लावला.  नळी परत द्यायला त्यांना जरा वेळ लागला.

मग रविवार जवळ आला. आमच्याकडे रविवारी कुणी काम करत नाही. शेत नाही, मासेमारी नाही, दुकान नाही. आणि अंडी तर रोज फिरवावी लागतात, नाहीतर पिल्लू कवचाला चिकटतं. लेसिएलीच्या आजोबांनी साफ सांगितलं, "रविवारी अंड्याला हात लावायचा नाही. देवाला आवडणार नाही." शनिवारी पोरं पाळकसाहेबांकडे गेली आणि त्यांना शाळेतच घेऊन आली; मागोमाग आजोबाही आले. ते माझ्यासमोर वाकले आणि आत डोकावले.

"कुणाची कोंबडी ही?"

लेसिएली आजोबांकडे बघू लागली. बाई वाटीतलं पाणी बघू लागल्या. माका म्हणाला, "तुम्ही मंगळवारी जेवलात ती."

आजोबांनी कपाळाला हात लावला. पाळकसाहेब सावकाश सरळ झाले. त्यांचा चेहरा बघून मला वाटलं, आता माझं बल्बासकट विसर्जन होणार.

"जरा चिवटच होती," ते म्हणाले. मग लेसिएलीला विचारलं, "पोरी, कोंबडी रविवारी अंड्यांवरून उठून जाते का?"

"नाही. बसून असते. चोचीने फिरवतेसुद्धा."

"मग तुम्हीही कोंबडीसारखं करा. गुपचूप. आणि आई मी खाल्ली आहे, तेव्हा उद्याची पाळी माझी."

दुसऱ्या दिवशी प्रार्थना आटोपून, कमरेच्या चटईसकट ते आले. अवाढव्य बोटांनी एकेक अंडं असं फिरवलं की जणू बाप्तिस्मा देत होते. आजोबा दारात उभे होते. जाताना तेही आत डोकावून गेले.

पिल्लं फुटायला दोनतीन दिवस उरले असतील, तेव्हा सराव परीक्षा आली. गणिताचा पेपर. हेडमास्तर स्वतः खुर्ची टाकून बसले होते, बाईंना त्यांनी बाहेर थांबायला सांगितलं होतं. पेन्सिलींची खरखर सोडली तर आवाज नाही. आणि एकदम माझ्या पोटातला दिवा विझला. डिझेलची बोट त्या आठवड्यात आलीच नव्हती, गावचा जनरेटर बंद पडला होता.

सगळ्या माना मागे वळल्या.

"पुढे बघा," हेडमास्तर म्हणाले. "पेपर चालू आहे."

माना पुढे गेल्या. एक पोरगी मात्र उभी राहिली.

"लेसिएली, खाली बस."

"सर, अंडी."

"पेपरनंतर."

ती बसली नाही. तिने भिंतीवरच्या रेघेकडे बोट दाखवलं. "सर, दिवा नसला की दर पंधरा मिनिटांना हा एक अंश उतरतो. पेपर संपायला दीड तास आहे. म्हणजे सहा अंश. आत्ता साडेसदतीस आहे. मग साडेएकतीस होईल. त्यात ती जगतील का, मला माहीत नाही."

हेडमास्तर उठले. मला वाटलं तिला बाहेर काढणार. ते तिच्या बाकापाशी आले, पेपर उचलला, वाचला. मग भिंतीवरच्या रेघेकडे पाहिलं.

"तू आत्ता जे तोंडी केलंस, तोच चौथा प्रश्न आहे. गळकी टाकी. इथे कोरा का सोडलास?"

"ती टाकी गळतेय, सर, आणि लोक नुसतं किती गळलं ते विचारतायत. कुणी बुजवत का नाही, तेच मला कळेना. मी त्यावरच विचार करत बसले."

वर्गात कुणीतरी खुसकन हसलं. हेडमास्तर हसले नाहीत. ते तिच्याकडे बघत होते. चुकलेल्या मुलाकडे बघतात तसं नाही, हरवलेलं काही सापडल्यावर बघावं तसं.

"पेपर आहेत तिथेच ठेवा," ते म्हणाले. "कुणाकडे पाणी तापेल?"

"तुमच्या आत्यांकडे गॅस आहे," माका दारातून ओरडला. तो आधीच बाहेर पडला होता.

मग काय वर्णावं. दुकानातल्या रिकाम्या बाटल्या, गरम पाणी, टॉवेल, आजोबांची जुनी चटई. लेसिएली थर्मामीटरशी बसून हुकूम सोडत होती, "आता एक काढा, आता दोन घाला," आणि शाळेचे हेडमास्तर, घामाने निथळत, दोन्ही हातांत किटल्या घेऊन दुकान ते शाळा अशा खेपा घालत होते. आत्या मागून येत होती. "पेनी, सांडू नकोस. लहानपणापासून हा सांडतोच." त्यांना पेनी म्हणतात हे पोरांना त्या दिवशी कळलं. पुढे वर्षभर पुरलं.

संध्याकाळी बोट आली आणि दिवा लागला.

तिसऱ्या दिवशी, भूगोलाच्या तासाला, माझ्या आतून टिचकी वाजली. मग दुसरी. पाच पिल्लं बाहेर आली, ओली, चिडलेली, अजिबात सुंदर नसलेली. दोन अंडी फुटली नाहीत. मुलांनी ती आवारात पुरली आणि पाळकसाहेबांना बोलावून प्रार्थनाही म्हणवून घेतली. ते न कुरकुरता आले. सगळ्यांत तोऱ्यात चालणाऱ्या पिल्लाचं नाव पोरांनी एकमताने हेडमास्तर ठेवलं. सहा महिन्यांनी हेडमास्तर अंडी घालू लागले.

लेसिएलीचं नाव परीक्षेला गेलं. तिथेही गळक्या टाकीचं गणित आलं, ते तिने सोडवलं, गळती बुजवायची कशी हेही खाली लिहून आली म्हणे. पहिली वगैरे आली नाही. पण पास झाली, आणि आता हापाईतल्या मुख्य गावी, पांगाईला, मोठ्या शाळेत जाते. शाळेचा निकाल त्या वर्षी होता तेवढाच राहिला, वर गेला नाही, खालीही आला नाही. राजधानीहून साहेब तपासणीला आले, तेव्हा त्यांनी माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "हे यंत्र कोणत्या कंपनीचं?"

"सहावीचं," पेनिसोनी सर म्हणाले, आणि त्यांना माझ्यासमोर नेऊन उभं केलं.

आता मी म्हातारा झालो आहे. तळ पार गंजला, ऊब धरवत नाही, थंडी तर नाहीच नाही. उबवायला पोरांनी दुसरी पेटी केली, माझ्याहून चांगली. मला वाटलं, आता पुन्हा डुकरांच्या पाठी. पण यंदाच्या सहावीने ठरवलं आहे, की मला उताणं झोपवायचं, पोटात माती भरायची आणि त्यात भाजी लावायची. उद्यापासून मी वाफा. माणसाला एका जन्मात इतके जन्म मिळत नाहीत. माझी काही तक्रार नाही.

एकच अडचण आहे. पाणी साचून मुळं कुजू नयेत म्हणून माझ्या अंगाला भोकं पाडायची आहेत, आणि ती तळाला पाडायची की बाजूंना, किती आणि केवढी, यावरून वर्गात दोन तट पडलेत. कालपासून भांडण चाललंय. एक मुलगी डब्याला खिळ्याने भोकं पाडून पाणी ओतून बघतेय, तिची चप्पल भिजली तरी तिला पत्ता नाही. बाईंना उत्तर ठाऊक आहे. खिडकीशी उभ्या असलेल्या पेनिसोनी सरांनाही ठाऊक आहे, त्यांचे ओठ शिवशिवताना मला दिसतायत. पण दोघंही तोंडातून अक्षर काढत नाहीत.

तुम्हालाही ठाऊक असेल. पाया पडतो, सांगू नका.